ब्रिजवर

एरंडवण्यातल्या स्टुडिओनं बारा भाग पाठवले,
शुक्रवारपर्यंत मराठी करून हवेत, डबिंगसाठी.
यान आहे. यानाला कॅप्टन आहे.
त्याच्या हाताखाली एक कमांडर, तीन लेफ्टनंट
आणि एक एन्साइन, दर भागात काहीतरी शिकणारी.

हुद्दे अडले की मी टिंगरेनगरला जाते.
तिथे माझे वडील, सुभेदार हैबती केंजळे,
खडकीच्या सॅपर्समध्ये अठ्ठावीस वर्षं, आता निवृत्त,
कॅन्टीनची पिशवी मांडीवर पसरून शेंगा सोलत असतात.

"हा कॅप्टन आर्मीचा की नेव्हीचा?"
"अंतराळातला, अप्पा."
"तसं नसतं. आर्मीतला कॅप्टन म्हणजे पोरगं,
मिसरूड नुकतं फुटलेलं, नकाशा उलटा धरणारं.
नेव्हीतला कॅप्टन आपल्या कर्नलच्या तोडीचा."
दोन शेंगा त्यांनी समोरासमोर ठेवल्या,
एक बारकी, एक भरलेली,
मला समजलं की नाही ते बघितलं
आणि दोन्ही फोडून खाल्ल्या.

दुसरा भाग लावला. लाल दिवा, भोंगा.
कॅप्टन ओरडतो: सगळे ब्रिजवर या!
अप्पा पुढे सरकले. "पूल कुठाय?"
ब्रिज म्हणजे, अप्पा, यान चालवायची खोली.
"खोलीला?"
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आम्ही पुरात बेली टाकला तेव्हा
गळ्याइतक्या पाण्यात अकरा जण होते.
ह्यांच्या ब्रिजवर सगळ्यांना खुर्च्या आहेत."

मग त्यांना एकेक दिसायला लागलं.
डोक्यावर टोपी नाही आणि सॅल्यूट ठोकतायत.
ॲडमिरल येतो तो चुकीचा हुकूम द्यायलाच.
एन्साइननं सहाव्या भागात इंजिन वाचवलं,
सातव्यात तिच्या कॉलरवर दुसरा ठिपका.
"आठवड्यात?"
त्यांच्या नायब सुभेदारीचा कागद एकोणीस वर्षांनी आला.
आई सांगायची, मी झाले त्याच दिवशी.
अप्पा म्हणतात, दुसऱ्या दिवशी, रजिस्टरला नोंद आहे.

"आणि सगळे साहेबच कसे?
रोल कॉल कोण घेतं? संडास कोण धुतं यानात?
राशन कमी उतरलं तर शिव्या कुणी खायच्या?"
हे मूळ संहितेत नव्हतं.

रात्री मी जुने शब्द काढले.
बारगीर: घोडा सरकारचा. शिलेदार: घोडा स्वतःचा.
म्हणजे हा अख्खा इस्त्रीचा ताफा बारगीर,
आणि चौथ्या भागातला तो चोरटा,
गळक्या यानाचा उधारीतला मालक, तो शिलेदार.
जुमलेदार. हजारी. सरनोबत.
झोप येईना इतकं छान बसत होतं.
स्टुडिओतून सलोनीचं उत्तर: भारी आहे गं,
पण घोडे ऐकू यायला लागतात. कॅप्टनच ठेव.
ठेवला.

नवव्या भागात एक माणूस आहे, नाव नसलेला.
श्रेयनामावलीत नुसता आकडा, क्रू तीन.
गळती लागलेल्या कप्प्यात शिरतो, दार आतून ओढून घेतो.
जाहिरातीनंतर त्याच्याबद्दल लेफ्टनंटला वाईट वाटतं,
चाळीस सेकंद, खिडकीतून तारे बघत.
दार लागण्याआधी कुणीतरी त्याला हाक मारतं,
इंग्रजीत एकच अक्षर, चीफ.
हाक मारणारा पाठमोरा होता.
ओठ दिसत नव्हते, मला हवं ते बसवता येत होतं.
मी लिहिलं, सुभेदारसाहेब.
सलोनीच्या नजरेतून सुटलं, किंवा तिनं सोडलं.

भाग लागला त्या रात्री साडेदहाला फोन.
मला वाटलं, त्या हाकेबद्दल असेल.
"ऐकलंस का," अप्पा म्हणाले,
"असलं दार आतून लावायचं नसतं.
दोरी बांधून बाहेरून ओढता येतं.
त्याला कुणी शिकवलंच नाही."
मागे टीव्हीचा आवाज चालूच होता.
"दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले,
आणि कुठली गाठ मारायची ते
मला फोनवर सांगत बसले.